लुटुपुटूची अणुभट्टी

भातुकली तुम्ही सगळ्यांनीच खेळलेली असणार. चिमुकली चूल, चिमुकलं पातेलं आणि त्यात चुरमुऱ्यांचा भात. जाळ नाही, चटका नाही, भात करपला तरी कुणी ओरडत नाही. आज आपण अशाच एका भातुकलीकडे बघणार आहोत. फरक एवढाच, की ती मोठी माणसं खेळतात, तीही शास्त्रज्ञ, आणि त्यांच्या चुलीवर चक्क अणुभट्टी असते! खरी भट्टी बांधण्याआधी ती कॉम्प्युटरमध्ये बांधायची, तिथे ती पेटवायची, तिथेच तिचा पंप बंद पाडायचा आणि काय होतं ते बघायचं. या लुटुपुटूच्या खेळाला इंग्रजीत सिम्युलेशन म्हणतात. आपण नक्कल म्हणू या.

सातवीतल्या एका वाचकाने पत्रात विचारलंय, "बाई, कॉम्प्युटरने अणुभट्टी कधी बघितलेलीच नसते. मग ती कशी वागेल हे त्याला कसं कळतं?" प्रश्न मला फार आवडला. उत्तर सरळ आहे: त्याला काहीच कळत नाही. त्याला फक्त बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार येतात आणि ते तो न कंटाळता कोट्यवधी वेळा करतो. भट्टीचे नियम त्याला माणसाने सांगावे लागतात. कसे, ते आधी चहाच्या कपावर बघू.

कपात ८० अंश सेल्सिअस गरम चहा आहे. खोलीचं तापमान आहे ३० अंश. नियम असा धरू, की चहा आणि खोली यांच्या तापमानात जेवढा फरक असेल, त्याचा दहावा भाग दर मिनिटाला कमी होतो. आता वही काढा. फरक ५० चा, त्याचा दहावा भाग ५. म्हणून एका मिनिटानंतर चहा ७५ अंश. आता फरक ४५, दहावा भाग साडेचार, चहा साडेसत्तर. पुढच्या मिनिटाला ६६.४५. असं करत गेलात तर पाच मिनिटांनी चहा साधारण साडेएकोणसाठ अंशांवर येतो. झाली नक्कल! चहा नाही, कप नाही, फक्त आकडे; पण चहा निवतोय.

आता कुणी आळशी म्हणेल, एकेक मिनिट कशाला मोजायचं? पाच मिनिटांची एकच उडी मारू. मिनिटाला दहावा भाग, तर पाच मिनिटांत निम्मा. ५० चे निम्मे २५. म्हणजे चहा ५५ अंश. बघा, साडेचार अंशांची चूक झाली. आणखी आळशी असेल तो एकदम वीस मिनिटांची उडी मारेल. मिनिटाला ५ अंश, तर वीस मिनिटांना १००. ऐंशीतून शंभर वजा केले, चहा उणे वीस! कपात बर्फ! नियम बरोबर, वजाबाकीही बरोबर, तरी उत्तर वेड्यासारखं, कारण पायरी फार मोठी घेतली. कॉम्प्युटर या बर्फाकडे बघून हसत नाही. तो निमूटपणे 'उणे वीस' छापतो. हसायला माणूस लागतो. (पालकांना विनंती: हे गणित मुलांना कागद-पेन्सिलीने करू द्या. कॅल्क्युलेटर हातात दिला की 'बर्फा'ची गंमत निघून जाते.)

चहा झाला. आता भट्टीकडे वळू.

आपल्या ओळखीच्या भट्ट्यांमध्ये, म्हणजे वीटभट्टी, चुन्याची भट्टी, गुऱ्हाळाची चूल, यांत जळण एका जागी असतं. नेहमीच्या अणुभट्टीतही तसंच असतं. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्रात १९६९ सालापासून असंच चालतं. युरेनियमच्या पदार्थाच्या खडूच्या तुकड्यांएवढ्या गोळ्या धातूच्या लांब नळ्यांत भरलेल्या असतात. नळ्या जागच्या जागी उभ्या राहतात आणि पाणी त्यांच्याभोवतीने वाहत जाऊन उष्णता घेऊन जातं.

आता कल्पना करा, की गुऱ्हाळातल्या काहिलीत उकळणारा रसच स्वतः जळण आहे! त्यालाच आग आहे आणि तोच नळ्यांतून वाहतोय. द्रवरूप इंधनाची अणुभट्टी अशी असते. इंधन एका क्षारात विरघळलेलं असतं. क्षार म्हणजे मिठाचाच भाऊ, पण आपलं आमटीतलं मीठ नव्हे. लिथियम, बेरिलियम, झिर्कोनियम आणि युरेनियम यांची फ्लोरीनशी जोडी लावून केलेलं हे मीठ असतं. ते चारशे तीस अंशांच्या पुढे वितळतं आणि पाण्यासारखं वाहू लागतं.

ही काही नुसती कल्पना नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात ओक रिज नावाचं गाव आहे. तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत अशी भट्टी खरोखर बांधली होती. ती १ जून १९६५ रोजी सुरू झाली आणि १२ डिसेंबर १९६९ रोजी कायमची बंद केली. वीज करण्यासाठी ती नव्हतीच. सुमारे साडेसात मेगावॅट उष्णता ती तयार करायची आणि ती सगळी हवेत सोडून द्यायची. इंधनाचं मीठ साधारण ६५० अंश तापलेलं असायचं. पंप दर सेकंदाला सुमारे ७५ लिटर मीठ फिरवायचा, म्हणजे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पाच घागरी! मीठ भट्टीच्या पोटात साडेआठ सेकंद राहायचं, मग बाहेरच्या नळ्यांतून जवळजवळ सतरा सेकंद फिरून परत यायचं. एक फेरी पंचवीस सेकंदांची. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

भट्टीच्या पोटात काय होतं? युरेनियमच्या अणूच्या केंद्रावर एक न्यूट्रॉन येऊन आदळतो. केंद्र फुटतं. उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. ते पुढच्या अणूंवर आदळतात. काही वाया जातात. एक फुटला की त्यातून नेमका एकच पुढचा फुटावा, असा जमाखर्च बसला की भट्टी स्थिर चालते. ग्राफाइटचे, म्हणजे पेन्सिलीच्या शिशात असतो त्या पदार्थाचे ठोकळे न्यूट्रॉनांचा वेग कमी करतात, म्हणजे ते अणूंना नीट 'लागतात'.

आता समजा, हजार न्यूट्रॉनांच्या जागी पुढच्या पिढीत एक हजार एक झाले. एकानेच वाढ! पण एक पिढी संपायला सेकंदाचा हजारावा भाग लागला, तर सेकंदभरात हजार पिढ्या होतात आणि १,००१ भागिले १,००० हे हजार वेळा गुणलं जातं. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखं. एका सेकंदात न्यूट्रॉन पावणेतीन पट होतात, दहा सेकंदांत बावीस हजार पटींच्या जवळ पोचतात. कोण माणूस, कोणतं यंत्र इतक्या झटपट आवरणार?

पण प्रत्यक्षात असं होत नाही, कारण सगळे न्यूट्रॉन वेळेवर येत नाहीत. बहुतेक न्यूट्रॉन केंद्र फुटताक्षणीच निघतात. पण लाखातले सहा-सातशे मागे रेंगाळतात. फुटलेल्या केंद्राचे जे तुकडे होतात, त्यांतल्या काहींच्या पोटात ते दडलेले असतात. कुणी अर्ध्या सेकंदाने बाहेर येतो, कुणी मिनिटाने. वर्गात घंटा झाल्यावर पाच-सहा मुलं पाणी पिऊन रमतगमत येतात ना, तशीच ही मंडळी. वर्गात आम्ही त्यांना रागावतो, पण भट्टी मात्र त्यांच्याच जिवावर शहाण्यासारखी वागते! या थोड्याशा रेंगाळ्यांमुळे तीच पावणेतीन पट वाढ व्हायला एका सेकंदाऐवजी साधारण एक मिनिट लागतं. मिनिटभरात नियंत्रण-कांडी आत सरकवता येते. म्हणजे हे रेंगाळे हाच भट्टीचा ब्रेक.

आता गोम कुठे आहे ते ओळखा बरं. तारापूरसारख्या भट्टीत युरेनियम जागचं हलत नाही, म्हणून रेंगाळे भट्टीतच बाहेर पडतात. पण इंधनच वाहत असेल, तर?

हे मी चौथीच्या मुलांना पटांगणात खेळून दाखवलं. तुम्हीही खेळा. फक्कीने एक मोठं रिंगण आखा. त्याचा एक तृतीयांश भाग म्हणजे भट्टी, उरलेला भाग म्हणजे बाहेरची नळी. मुलांनी रिंगणावरून अशा वेगाने चालायचं, की एका फेरीला पंचवीस आकडे मोजून होतील. भट्टीच्या भागातून जाताना बाई हातात एक चिठ्ठी देणार. चिठ्ठीवर २, ६ किंवा २० असा आकडा असतो. चिठ्ठी मिळाल्यापासून मनात तेवढे आकडे मोजायचे आणि मग एक टाळी वाजवायची. दोन मुलं पाटी घेऊन बसतात; एक भट्टीतल्या टाळ्या मोजतो, दुसरा बाहेरच्या.

आधी सगळ्यांना भट्टीच्या भागात उभं केलं. शंभर टक्के टाळ्या आत. मग चालायला लावलं. '२'वाल्यांच्या टाळ्या बहुतेक आतच पडल्या. '६'वाल्यांच्या निम्म्याहून अधिक बाहेर गेल्या. आणि '२०'वाले, चिठ्ठी कुठे मिळाली त्याप्रमाणे, कुणी आत, कुणी बाहेर; पण बाहेरचे जास्त. मुलं ओरडायला लागली, "बाई, टाळ्या सांडल्या! टाळ्या सांडल्या!" याहून चांगला शब्द मला कुठल्या पुस्तकात मिळाला नसता. बाहेरच्या नळीत ग्राफाइट नाही, तिथे सुटलेला न्यूट्रॉन पुढच्या अणूला फोडण्याच्या कामी येत नाही. तो सांडला.

ओक रिजच्या माणसांनी हे सांडणं गणिताने आधीच काढलं होतं. मीठ स्थिर उभं असताना लाखात ६६६ रेंगाळे कामी येतात, मीठ वाहू लागलं की ४४४. म्हणजे लाखात २२२ सांडतात. ब्रेकचा तिसरा हिस्सा नळ्यांमध्ये गेला. मग त्यांनी खऱ्या भट्टीत, अगदी मंद आचेवर, पंप सुरू करून आणि बंद करून बघितलं. पंप सुरू झाला की न्यूट्रॉन सांडायला लागतात, भट्टी मंदावू पाहते, म्हणून नियंत्रण-कांडी थोडी वर ओढावी लागते. कांडी किती ओढली यावरून किती सांडले ते मोजता येतं. मोजलं तर आलं २१२. गणित म्हणत होतं २२२, भट्टी म्हणाली २१२. मला विचाराल तर असा ताळा जुळणं हा दिवाळीपेक्षा मोठा सण आहे.

खेळ संपता संपता एका मुलीने विचारलं, "बाई, आपण चालत असताना एकदम 'स्टॅच्यू' म्हटलं तर?" म्हणजे चालत्या भट्टीचा पंपच बंद पडला तर! चौथीतल्या मुलीचा प्रश्न, पण याच प्रश्नासाठी मोठमोठे कॉम्प्युटर रात्रंदिवस राबतात. जरा थांबून विचार करू.

पंप थांबला की मीठ थांबलं. मीठ थांबलं की रेंगाळे सांडायचे थांबले, सगळे भट्टीतच फुटायला लागले. म्हणजे न्यूट्रॉन वाढणार, आच वाढणार. वर आणखी, उष्णता वाहून नेणारं मीठच थांबल्यामुळे ती आतच साठणार. ऐकून छातीत धस्स होतं. पण दुसरी बाजू बघा. मीठ तापलं की फुगतं. फुगलं की त्यातलं थोडं भट्टीबाहेर ढकललं जातं, आत युरेनियम कमी उरतं आणि आच आपोआप मंदावते. ओक रिजच्या मिठात हा हिशोब दर अंशाला लाखात साधारण साडेआठ असा होता. आता भागाकार करा: २१२ भागिले साडेआठ. साधारण पंचवीस आलं? म्हणजे मीठ पंचवीस अंशांनी तापलं, की पंप थांबल्याने झालेली वाढ फिटते. भट्टी स्वतःच स्वतःला आवरते. अर्थात हा आपला वहीच्या पानावरचा ढोबळ हिशोब. खऱ्या नक्कलेत भट्टीच्या पोटातल्या वेगवेगळ्या जागी मीठ वेगवेगळं तापतं, पंप एकदम न थांबता हळूहळू थांबतो आणि ग्राफाइट मिठापेक्षा सावकाश तापतं. हे सगळं एकाच वेळी चालू असतं आणि प्रत्येकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो.

आणि इथे चहाची पायरी पुन्हा आडवी येते! न्यूट्रॉनची पिढी सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही लवकर संपते. मिठाची फेरी पंचवीस सेकंदांची. ग्राफाइटचं तापणं मिनिटांचं. भट्टीत झेनॉन नावाचा एक वायू तयार होतो, तो न्यूट्रॉन गिळतो. त्याचा निम्मा भाग नाहीसा व्हायला नऊ तास लागतात. इंधन खर्च व्हायला महिने, वर्षं. न्यूट्रॉनसाठी चिमुकली पायरी घ्यावी तर वर्षाचा हिशोब कधी संपायचाच नाही. वर्षासाठी मोठी पायरी घ्यावी तर कपात बर्फ! म्हणून नक्कल करणारे लोक कुठे बारीक पावलं टाकतात, कुठे मोठी, आणि कुठे कोणती टाकायची हे ठरवण्यातच त्यांची हुशारी असते.

साठच्या दशकात तर आजच्यासारखे कॉम्प्युटरही नव्हते. ओक रिजमध्ये बॉल आणि केर्लिन या दोन शास्त्रज्ञांनी भट्टी डगमगेल का, याचा अभ्यास १९६५ मध्ये केला. त्या काळी ॲनालॉग कॉम्प्युटर नावाची यंत्रं वापरात होती. ती आकडे मोजत नाहीत. त्यांच्यात विजेचा दाब हेच तापमान मानायचं, दुसरीकडचा दाब म्हणजे न्यूट्रॉनांची संख्या, आणि वायरी जोडून एकाचा परिणाम दुसऱ्यावर करायचा. बटण फिरवलं की काटा हलतो, जणू भट्टीच तापली. भट्टी चालवणाऱ्या माणसांनी अशाच लुटुपुटूच्या भट्टीवर आधी हात बसवला, सायकल शिकताना आधी स्टँडवर पायडल मारतो तसा. पुढे खऱ्या भट्टीतली कांडी ठरलेल्या क्रमाने किंचित वर-खाली करून भट्टी कशी डोलते ते मोजलं. नक्कलेने सांगितलं होतं, की आच मंद असताना ती सावकाश डोलेल आणि आच वाढली की लवकर स्थिरावेल. तसंच झालं.

मग १९६८ साली त्यांनी इंधन बदललं. नेहमीचं युरेनियम २३५ काढून युरेनियम २३३ घातलं. हे निसर्गात मिळत नाही, थोरियमपासून तयार करतात. यात रेंगाळे लाखात सुमारे २६० च. म्हणजे आधीच अर्ध्याहून कमी ब्रेक, त्यातलाही काही भाग नळ्यांत सांडणार! नक्कल आधी करून बघितली नसती तर असल्या भट्टीला हात लावायला कोण धजावलं असतं? त्या ऑक्टोबरात भट्टी या इंधनावर चालू झाली आणि पुढच्या वर्षी बंद होईपर्यंत नीट चालली.

थोरियमचं नाव निघालं की आपल्या देशाचं नाव निघतंच. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूत ते भरपूर आहे. डॉ. होमी भाभांनी आखलेल्या योजनेतला तिसरा टप्पा थोरियमचाच. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही वितळलेल्या मिठाच्या भट्टीचा आराखडा तयार करण्याचं काम झालेलं आहे. आराखडा म्हणजे अर्थातच आधी कॉम्प्युटरमधली भट्टी.

तुम्ही म्हणाल, एवढं सगळं जुळतं तर नक्कलेवर डोळे मिटून विश्वास ठेवायला काय हरकत आहे? थांबा. न जुळलेल्याही गोष्टी आहेत आणि मला त्या जास्त महत्त्वाच्या वाटतात.

मघाशी तो न्यूट्रॉन गिळणारा झेनॉन बघितला ना? आधीच्या हिशोबात तो जितका त्रास देईल असं आलं होतं, त्यापेक्षा खऱ्या भट्टीत बराच कमी दिला. का? तर मिठाबरोबर वायूचे बारीक बुडबुडे फिरत होते. झेनॉन त्या बुडबुड्यांत शिरायचा आणि त्यांच्यासोबत बाहेर निघून जायचा. हिशोबात हे बुडबुडे धरलेलेच नव्हते. चूक फायद्याची झाली म्हणून काय झालं, चूक ती चूकच.

दुसरी गोष्ट फायद्याची नव्हती. भट्टी बंद झाल्यावर इंधनाचं मीठ टाक्यांत काढलं आणि गोठू दिलं. घट्ट दगड झाला, आता तो कुठे जाणार? पण १९९४ साली तपासलं तेव्हा कळलं, की त्यातलं काही युरेनियम वायू होऊन नळ्यांमधून लोणारी कोळशाच्या गाळणीपर्यंत पोचलंय! गोठलेल्या मिठात किरणोत्सर्गामुळे फ्लोरीन सुटा होत होता आणि युरेनियमला वायू करून घेऊन जात होता. वाहत्या, तापलेल्या मिठाचा इतका बारीक विचार करणाऱ्यांना थंड पडलेलं मीठ पंचवीस वर्षं काय करत बसलंय हे कळलं नव्हतं. मग ते साफ करायला पुढे कितीतरी वर्षं लागली. जो प्रश्न कॉम्प्युटरला घातलाच नाही, त्याचं उत्तर तो कुठून देणार?

आणि तिसरी तर अगदी अलीकडची. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या संशोधकांनी ओक रिजच्या जुन्या अहवालांमधून मापं गोळा केली, ती भट्टी आजच्या कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी उभी केली आणि तिचा न्यूट्रॉनांचा जमाखर्च काढला. खऱ्या भट्टीत जमा आणि खर्च बरोबरीत होते. कॉम्प्युटरमध्ये मात्र जमा दोन टक्क्यांनी जास्त आली. दोन टक्के म्हणजे लाखात दोन हजार! मघाचे आपले सांडलेले किती होते? २१२. त्याच्या जवळजवळ दहा पट. साठ वर्षांपूर्वीचं ग्राफाइट नेमकं किती घट्ट होतं, किती शुद्ध होतं, अशा बारीकसारीक गोष्टींवर हे अवलंबून असतं. ग्राफाइट मोजणाऱ्या माणसाने तेव्हा वहीत काय लिहिलं, किती काळजीपूर्वक लिहिलं, यावर आजचा महासंगणक अडून बसतो. वहीत आकडा नीट लिहा, एकक लिहा, असं मी फळ्यासमोर उभी राहून रोज का सांगते ते कळलं ना?

कारण पंचेचाळीस साली जन्मलेला माणूस म्हातारा झाला तरी जगात ताळा करायला वर्षानुवर्षं चाललेली अशी एकच भट्टी होती. तीही साडेचार वर्षं चाललेली. मग ताळा करायचा दुसरा मार्ग कोणता? तुम्ही गणित सोडवून शेजारच्याशी उत्तर पडताळून बघता ना (परीक्षेत नव्हे!), तसंच शास्त्रज्ञांनी केलं. फ्रान्समधलं ग्रनोबल, इटलीतलं मिलान, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट आणि स्वित्झर्लंडमधली पॉल शेरर संस्था, अशा चार ठिकाणच्या गटांनी एकच गणित सोडवायला घेतलं. गणित कशाचं? दोन मीटर लांब, दोन मीटर उंच अशा एका चौकोनी पेटीचं. पेटी वितळलेल्या इंधनाने भरलेली आहे आणि तिचं झाकण सेकंदाला अर्धा मीटर या वेगाने सरकतंय, त्यामुळे आतलं मीठ गोल गोल फिरतंय. अशी पेटी पृथ्वीवर कुठेही नाही, कुणी बांधणारही नाही. ती फक्त ताळ्यासाठी.

त्यांची रीत मात्र आपल्या पहिलीच्या पुस्तकासारखी. आधी फक्त मीठ फिरवा, अणू विसरून जा. चौघांची उत्तरं जुळतात का? मग मीठ थांबवा, फक्त न्यूट्रॉन मोजा. मग दोन्ही एकत्र करा. मग उष्णता घाला. शेवटी सगळं एकदम हलवून बघा. चारही गटांचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या रीतीने लिहिलेले होते, तरी उत्तरं छान जुळली. २०२० साली त्यांनी सगळे आकडे छापले. आता जगात कुणीही नवा प्रोग्रॅम लिहिला, की तो आधी या नसलेल्या पेटीचं गणित सोडवून बघतो.

पण चौघांची उत्तरं जुळली म्हणजे ती खरी, असं मात्र नाही हं. चौघांनीही बुडबुडे विसरले तर? चौघांचीही उत्तरं जुळतील आणि चौघंही चुकतील. त्यासाठी खरी भट्टीच हवी. चीनमध्ये गान्सू प्रांतातल्या वूवेईजवळ दोन मेगावॅट उष्णतेची अशी एक छोटी भट्टी ११ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झाली आणि जून २०२४ मध्ये ती पूर्ण आचेवर पोचली. ओक रिजनंतर पहिल्यांदाच वितळलेल्या मिठाच्या इंधनावर चालणारी भट्टी! तिच्या नोंदवहीतले आकडे कसे येतात, याची वाट मी तरी क्रिकेटच्या स्कोअरसारखी बघते आहे.

आता तुमच्यासाठी काम. आपला चहा पुन्हा घ्या: ८० अंश, खोली ३०, मिनिटाला फरकाचा दहावा भाग. तीन जणांनी तीन वह्या घ्यायच्या. पहिल्याने दोन मिनिटांच्या पायरीने चालायचं, दुसऱ्याने बारा मिनिटांच्या आणि तिसऱ्याने पंचवीस मिनिटांच्या. प्रत्येकाने निदान चार पायऱ्या करायच्याच. दुसऱ्याचा चहा काहीतरी विचित्र करेल, पण शेवटी ताळ्यावर येईल. तिसऱ्याच्या चहाचं काय होतं ते मी सांगत नाही. आकडे आणि त्यांचा आलेख काढून आपल्या अंकाच्या पत्त्यावर पाठवा. आणि हो, पायरी बरोबर दहा मिनिटांची घेतली तर काय होईल, हे गणित न करता, नुसतं विचार करून कोण सांगतंय ते बघू.